गिऱ्हाईकाचा सिबिल बघायचा मोह आणि मला पडलेला भुर्दंड



मागच्या महिन्यात उधारी-वसुलीवर एक दिवसाचं वर्कशॉप घेतलं. जेवणानंतरचं सेशन म्हणजे निम्मी माणसं पेंगत असतात. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका पोरानं हात वर केला. त्याचं सिमेंट-स्टीलचं दुकान नवीन आहे, वर्षसुद्धा झालं नाही. म्हणाला, "सर, एवढं कशाला? उधारी द्यायच्या आधी गिऱ्हाईकाचा सिबिल काढायचा. पॅन आणि मोबाईल नंबर दिला की तीनशे रुपयांत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. माझ्याकडे माणूस आहे."

अख्खा हॉल जागा झाला. चहाच्या सुट्टीत माझ्याभोवती चार जण होते आणि त्या पोराभोवती वीस. सगळ्यांना त्या माणसाचा नंबर पाहिजे होता.

व्हिडिओत यावर मी दोन-तीन मिनिटं बोललोय, पण तिथं एक गोष्ट सांगायची टाळली. ती इथं सांगतो. हा उद्योग मी स्वतः केलेला आहे.

माझं पेंट-हार्डवेअरचं दुकान तुम्हाला माहीत आहे. माझ्याकडे एक पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर यायचे, पन्नाशी उलटलेले, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. महिन्याला तीस-चाळीस हजारांचा माल उधारीवर न्यायचे, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत खातं साफ करायचे. कधी दोन दिवस उशीर झाला तर आधी फोन. २०२४ च्या दिवाळीआधी त्यांना एका सोसायटीचं काम मिळालं आणि त्यांनी एकदम १ लाख ४० हजारांचा माल मागितला. माझ्या पोटात गोळा आला. नाही म्हणवेना, हो म्हणायची हिंमत होईना.

माझा एक मित्र फायनान्स कंपनीच्या ब्रँचमध्ये होता. संध्याकाळी दुकानात चहाला यायचा. त्याला सहज बोललो. तो म्हणाला, "पॅन दे, दोन मिनिटांत सांगतो." मामांच्या पॅनची झेरॉक्स माझ्याकडे होती, कारण रंगाच्या कंपनीच्या पेंटर स्कीमचे पॉइंट जमा करायला केवायसी लागते आणि ते कागद त्यांनी माझ्याकडेच दिले होते. मित्रानं ऑफिसात बसून कर्जाची चौकशी म्हणून त्यांची माहिती टाकली आणि रिपोर्ट काढला. स्कोअर साडेसहाशेच्याही खाली आणि एका कर्जापुढे "सेटल्ड" असा शेरा. मला तेवढं पुरलं. मी मामांना सांगितलं, "माल शॉर्ट आहे, कंपनीकडून येत नाहीये."

चार दिवसांनी मामा मुलाला घेऊन आले. मुलाच्या हातात मोबाईल. त्यांचा रिपोर्ट अमुक कंपनीनं बघितला, असा मेसेज त्यांना आला होता. मुलगा शिकलेला, त्यानं वडिलांचा फुकट मिळणारा रिपोर्ट काढला तर शेवटच्या पानावर त्या फायनान्स कंपनीचं नाव, तारीख, सगळं. मामांनी त्या कंपनीकडे कधी अर्जच केला नव्हता. पण तिथला कोण रोज माझ्याकडे चहा पितो, हे त्यांना माहीत होतं.

"शेठ, पॅनचा कागद तुमच्याकडंच होता," एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही. खिशातून ११,६०० रुपये काढून काउंटरवर ठेवले, जुनं खातं मिटवलं आणि गेले. सोसायटीचं काम त्यांनी समोरच्या दुकानातून माल घेऊन पूर्ण केलं. पैसे वेळेवर दिले, हे मला समोरच्याच दुकानदारानं हसत हसत सांगितलं. आणि ते "सेटल्ड" कर्ज? मामींच्या ऑपरेशनसाठी काढलेलं होतं, लॉकडाऊनमध्ये कामं बंद पडली तेव्हा बँकेशी तडजोड केलेली. मित्राला ब्रँचनं लेखी खुलासा मागितला. नोकरी वाचली, पण बदली झाली.

वर्षाला चार-साडेचार लाखांचं गिऱ्हाईक मी साध्या भीतीपोटी घालवलं. पण हा लेख त्या नुकसानीचा नाहीये. कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं, आधी वाचायला पाहिजे होतं.

आपल्याकडे यासाठी स्वतंत्र कायदा आहे. क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज (रेग्युलेशन) अ‍ॅक्ट, २००५. डिसेंबर २००६ पासून लागू आहे. आपण सगळ्यालाच "सिबिल" म्हणतो, पण रिझर्व्ह बँकेनं परवाना दिलेल्या अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. बँका, एनबीएफसी, सहकारी बँका, गृहकर्ज कंपन्या, क्रेडिट कार्डवाले हे सगळे तुमच्या-माझ्या कर्जाची माहिती या चौघांना पाठवतात आणि कर्ज देताना त्यांच्याकडून रिपोर्ट घेतात.

आता मुद्द्याचं. रिपोर्ट कोणाला मिळू शकतो, हे या कायद्यानं बांधून टाकलंय. कायद्यातला शब्द आहे "स्पेसिफाइड यूजर", म्हणजे ठरवून दिलेला वापरकर्ता. त्यात कर्ज देणाऱ्या संस्था येतात आणि त्याशिवाय रिझर्व्ह बँकेनं नियमांत नावं घालून दिलेले काही जण: विमा कंपन्या, मोबाईल सेवा देणाऱ्या कंपन्या, रेटिंग एजन्सी, सेबीकडे नोंदलेले शेअर ब्रोकर, सेबी आणि विमा नियामक स्वतः, दिवाळखोरी प्रक्रियेतले रिझोल्यूशन प्रोफेशनल वगैरे. २०२१ च्या शेवटी त्यात कर्जसंस्थांसाठी माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या कंपन्यांची भर पडली, पण त्यांनाही २ कोटींचं नेटवर्थ आणि भारतीय मालकी अशा अटी आहेत.

या यादीत पेंटचा दुकानदार नाही. सिमेंटवाला नाही, कापडवाला नाही, घरमालक नाही, मुलीसाठी स्थळ बघणारा बापसुद्धा नाही. (हसू नका. वर्कशॉपमध्ये एका काकांनी मला हे खरंच विचारलंय.)

आणि यादीत नाव असलं म्हणून मोकळं रान नाही. बँकेलाही रिपोर्ट ठरलेल्या कामासाठीच घेता येतो. म्हणजे माझ्या मित्राची कंपनी यादीत होती, तिला परवानगी होती, पण मामांनी कर्ज मागितलेलंच नव्हतं. काम खोटं म्हणजे चौकशीही बेकायदा. मोबाईलच्या दुकानात ईएमआयवर फोन विकताना फायनान्स कंपनीचा पोरगा काउंटरवर बसलेला असतो ना, तिथंही हेच. रिपोर्ट त्याची कंपनी बघते. दुकानदाराला फक्त मंजूर किंवा नामंजूर एवढंच कळायला पाहिजे. "शेठ, याचा स्कोअर बघा किती आहे" म्हणत स्क्रीन तुमच्याकडे वळवली, तर तिथं नियम मोडला.

शिक्षा काय? कलम २२ वाचा. बेकायदेशीरपणे रिपोर्ट मिळवणाऱ्याला प्रत्येक वेळेला १ लाख रुपयांपर्यंत दंड, आणि प्रकार चालूच ठेवला तर दिवसाला आणखी १० हजारांपर्यंत. शिवाय त्याच कलमात एक वाक्य आहे जे मला सगळ्यात जास्त लागलं: अशा मार्गानं मिळालेली माहिती कुठल्याही कारणासाठी विचारात घ्यायची नाही. म्हणजे मी जे केलं, ते वाचून माल नाकारला, नेमकं तेच. बँक किंवा रिपोर्ट कंपनीनं जाणूनबुजून गोपनीयतेची तत्त्वं मोडली तर दंड १ कोटीपर्यंत जाऊ शकतो.

तीनशे रुपयांवाला माणूस काय करतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. एक तर त्याचं कोणी आत बसलेलं असतं, नाहीतर तो गिऱ्हाईकाच्या नावानं कुठल्यातरी अ‍ॅपवर स्वतःच ते गिऱ्हाईक आहे असं दाखवतो आणि तुम्हाला सांगतो, "तेवढा ओटीपी विचारून द्या." दुसऱ्याच्या ओटीपीनं त्याचा रिपोर्ट उघडणं म्हणजे त्याच्या घराची चावी "जरा बघतो" म्हणून घेणं. आणि पैसे घेऊन आलेली पीडीएफ खरीच असेल याची खात्री कोण देणार?

आता तुमची तक्रार मला माहितीये, कारण ती माझीही होती. मोबाईल कंपनी, जी महिन्याला पाचशे-सातशे रुपयांचं पोस्टपेड देते, तिला माझी पत बघता येते. आणि मी, जो खिशातला दीड लाखाचा माल नुसत्या शब्दावर देतो, त्याला नाही? बँकेकडे वकील आहेत, तारण आहे. माझ्याकडे वही आहे. मग माहितीची गरज कोणाला जास्त?

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत १९७० पासून फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट आहे, तिथं घरमालक भाडेकरूचा रिपोर्ट बघू शकतो, नोकरी देणारा लेखी परवानगी घेऊन बघू शकतो. पण तिथं रिपोर्टमुळे नकार दिला तर तसं त्या माणसाला कळवावं लागतं. मी मामांना काय कळवलं? "माल शॉर्ट आहे."

तरीही आज मला कोणी विचारलं की दुकानदारांना हा दरवाजा उघडावा का, तर मी नको म्हणेन. याचं पहिलं कारण नैतिक वगैरे नाही, सरळ धंद्याचं आहे. या रिपोर्टमध्ये आपल्या कामाची माहितीच नसते. त्यात बँकांची आणि फायनान्स कंपन्यांची कर्जं असतात. बाजारातली उधारी त्यात कुठंच नसते. एखादा माणूस गाडीचा हप्ता एक तारखेला भरतो, स्कोअर ७८०, आणि तोच तीन दुकानांचे पैसे दोन वर्षं फिरवतोय, हे रिपोर्टमध्ये दिसणार नाही. उलट मामांसारखा माणूस, ज्यानं दुकानदाराचा एक रुपया बुडवला नाही, तो त्यात पडेल दिसतो. बँकेच्या फूटपट्टीनं मी उधारी मोजायला गेलो होतो.

दुसरं कारण तुम्ही गावातलेच आहात हे. बँकेचा मॅनेजर तीन वर्षांत बदलून जातो. आपण त्याच गल्लीत, त्याच लग्नात, त्याच गणपतीच्या मंडपात. कोणाचं कर्ज थकलंय, कोणाचं सोनं गहाण आहे, हे आपल्याला कळलं की ते आपल्या पोटात राहील का? खरं सांगा.

एक गोष्ट मात्र मला खटकते. १ लाखाचा दंड कागदावर ठीक आहे, पण ज्याचा रिपोर्ट चोरून बघितला त्याला कळायचा मार्ग काय, तर मेसेज. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश काढला आणि एप्रिल २०२४ पासून रिपोर्ट कोणी बघितला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल जातो. चांगलंच झालं. मी पकडला गेलो तो त्याच्यामुळेच. पण बँकेत जुना मोबाईल नंबर असलेली, नंबर मुलाच्या नावावर असलेली, इंग्रजी मेसेज न वाचता पुसून टाकणारी माणसं किती आहेत आपल्या आजूबाजूला? मामांचा मुलगा शिकलेला नसता तर मी आजही स्वतःला हुशार समजत असतो. हे मेसेज मराठीत यायला पाहिजेत असं माझं मत आहे.

मग उधारी द्यायची कशी? हे विचारणं बरोबर आहे, कारण तुमचे पैसे खरेच अडकतात.

पार्टी जीएसटीवाली असेल तर जीएसटी पोर्टलवर त्याचा नंबर टाका. लॉगिन लागत नाही. नोंदणी कधीची आहे, चालू आहे की रद्द झाली, रिटर्न भरलेत का, हे सगळं उघड दिसतं. सहा महिने रिटर्न न भरणारा तुमचं बिल वेळेवर देईल ही आशा सोडा. समोर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर तिच्या मालमत्तेवर कोणाचा बोजा आहे ते कळतं. ई-कोर्ट्सवर नावानं केस शोधता येते. मोठ्या पार्टीसाठी आणखी एक: १ कोटी आणि त्यावरचे दावा दाखल झालेले थकबाकीदार आणि २५ लाख व त्यावरचे हेतुपुरस्सर कर्ज बुडवणारे, यांच्या याद्या या चार कंपन्यांच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुल्या असतात. ते बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

मामांसारख्या छोट्या माणसाला यातलं काहीच लागू नाही. तिथं जुनीच पद्धत. तीस हजारांवरून एकदम १ लाख ४० वर उडी मारायचीच नाही. मी मामांना म्हणायला पाहिजे होतं, "मामा, पहिला लॉट पन्नासचा न्या, सोसायटीचा पहिला हप्ता आला की दुसरा." ते हो म्हणाले असते. कंपनीचा सेल्समन पाच दुकानं फिरतो, त्याला कोण कुठं अडकलंय ते माहीत असतं, त्याच्याशी चहावर बोला. पण व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर "हा माणूस बुडवा आहे" म्हणून फोटो टाकायचा नाही. बदनामीची केस भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ खाली होते, आणि मूळ वसुली बाजूला राहून तुम्हीच तारखांना जाता.

कागद मात्र पक्का ठेवा. उधारीच्या मालाच्या पैशाचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. पण त्या मुदतीत गिऱ्हाईकानं "एवढं देणं आहे" असं लिहून सही केली, तर तिथून तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. म्हणून दर दिवाळीला खात्याचा उतारा काढून त्यावर सही घ्या. पाडव्याला वहीपूजन करताना मी आता हेच करतो, पेढा देतो आणि सही घेतो. चेक घेतला असेल आणि परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, नाहीतर कलम १३८ विसरा. तुम्ही स्वतः उत्पादन करत असाल किंवा सेवा देत असाल आणि उद्यम नोंदणी असेल, तर ४५ दिवसांवर थकलेल्या बिलासाठी समाधान पोर्टल आहे. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्या दुकानदाराला ते नाही, हे आपलं दुखणं आहेच.

काही जण विचारतात, गिऱ्हाईकालाच सांगितलं की तुझा रिपोर्ट काढून आण, तर? त्याचा रिपोर्ट त्याचा आहे, तो मनानं कोणालाही दाखवू शकतो. पण अडलेल्या माणसाची "मर्जी" किती खरी असते? शिवाय त्या पानांवर त्याचा पत्ता, नंबर, प्रत्येक कर्ज असतं, ते तुमच्या ड्रॉवरमध्ये पडून राहणार. मी मागत नाही. कामावर ठेवायच्या पोरांचंही तेच. बँकांच्या भरतीत पत चांगली असण्याची अट असते आणि मद्रास उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये तशा अटीवरून रद्द झालेली नेमणूक योग्य ठरवली. पण ती बँक आहे, तिथं जाहिरातीतच अट होती. तुम्ही चौदा हजार पगार देणार आणि त्याचा सिबिल मागणार?

स्वतःचा रिपोर्ट मात्र काढाच. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा, स्कोअरसकट, फुकट मिळतो. २०१७ पासून हा हक्क आहे. प्रोप्रायटरशिप असेल तर तुमचा वैयक्तिक रिपोर्ट म्हणजेच दुकानाची पत. त्यातला "एन्क्वायरी" हा भाग आधी बघा, लोक फक्त स्कोअर बघून बंद करतात. तुम्ही अर्ज न केलेल्या कंपनीचं नाव दिसलं तर लगेच लेखी तक्रार करा. लोन एजंटला कागद देताना "फक्त अमुक बँकेसाठी" असं झेरॉक्सवर आडवं लिहा, नाहीतर तो सहा ठिकाणी टाकतो आणि सहा चौकश्या तुमच्या नावावर बसतात. ३० दिवसांत तक्रार सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला पाहिजे, आणि तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

मामा अजून समोरच्याच दुकानातून माल नेतात. रस्त्यात भेटले की नमस्कार होतो, दुकानाची पायरी चढत नाहीत. मी एकदा घरी जाऊन माफी मागून आलो. मामींनी चहा दिला, विषय कोणी काढला नाही.

माझ्या दुकानातल्या उधारी फॉर्मचा नमुना व्हिडिओखाली दिलाय, डाउनलोड करून तुमचं नाव टाकून वापरा. त्यात शेवटी एक ओळ मी नंतर घातलीये: "दिलेली कागदपत्रं फक्त खातं उघडण्यासाठी घेतली आहेत, दुसऱ्या कोणाला दिली जाणार नाहीत." त्याखाली गिऱ्हाईकाची नाही, दुकानदाराची सही असते.